ल दाबून धरला की ळ

दोन मोठ्या फोन कंपन्या कोर्टात भांडत होत्या. भांडण कशावरून, तर फोनवर एखाद्या अक्षरावर बोट दाबून धरलं की त्याची भावंडं वर येतात, ही युक्ती कोणाची यावरून. एक म्हणे, माझी, माझ्याकडे पेटंट आहे, तू चोरलीस. दुसरी म्हणे, तुझी कसली, ती तर आधीपासून होतीच. मी म्हणते, दोघी जरा गप्प बसा. ती माझ्या धाकट्या बहिणीची आहे. आणि ती बहीण या घटकेला आनंदनगरला आमच्या घरात कोथिंबीर निवडत बसली आहे.

हसू येतंय ना? येऊ द्या. मलाही लोक तोंडावर हसले आहेत. पण मी काही हवेत बोलत नाहीये, म्हणून पहिल्यापासून सांगते.

धाकटीला जन्मापासून ऐकू येत नाही. हे आत्ताच सांगून टाकते, कारण आमचे नातेवाईक ते हळू आवाजात सांगतात, जणू घरात चोरी झाली आहे. अरे, हळू कशाला? तिला हळूही ऐकू येत नाही आणि मोठ्यानंही नाही. लोकांची दुसरी खोड म्हणजे ती समोर बसलेली असताना मला विचारतात, ‘यांचं काय म्हणणं आहे?’ मी सरळ म्हणते, ‘यांना विचारा. लिहून विचारा. वाचता येतं यांना, तुमच्यापेक्षा बरं.’

आमचे वडील भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात होते. आम्ही पिपलानीच्या क्वार्टरमध्ये वाढलो. घराणं उज्जैनचं. शेजारी पंजाबी, समोर बंगाली, मागे मल्याळी. त्यामुळे गल्लीची भाषा हिंदी, शाळेची हिंदी, भांडणाची तर हिंदीच. मराठी फक्त दाराच्या आत. अशा मराठीतून पहिला काय गळतो, तर ळ. हिंदीत तो लागतच नाही. आम्ही भोपाळची मराठी पोरं बिनदिक्कत ‘शालेत जातो’ म्हणायचो, ‘मला केलं दे’ म्हणायचो. पुण्याहून बदली होऊन आलेल्या एक काकू होत्या, त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. आई हसायची नाही, चिडायची. ‘जीभ जरा वळव गं, मोडणार नाही ती!’ असं म्हणायची. आमची जीभ काही वळली नाही. माझी अजूनही घाईत सरळच पडते.

धाकटीची शाळा मूकबधिर मुलांची, तिथंही सगळं हिंदीतूनच. डॉक्टर, मास्तर, आत्या, सगळ्यांनी आईला बजावलं की पोरीला एकच भाषा ठेवा, दोन दिल्या तर गोंधळ होईल, हिंदी पुरे. आई म्हणाली, ‘आणि माझ्याशी कशात बोलेल?’ झालं, विषय संपला.

मग आईनं स्वयंपाकघरातल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटवली. डाळ, तांदूळ, गूळ, तीळ, पळी, पोळपाट, नळ. मराठी स्वयंपाकघराचा निम्मा कारभार ळ वर चालतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. धाकटीनं ळ कानानं घेतलाच नाही, डोळ्यांनी घेतला. आमच्या घरात तिची ळ ची खूण ठरली ती अशी: दोन्ही हातांच्या बोटांचे गोल करायचे आणि चष्म्यासारखे डोळ्यांना लावायचे. पाहुणे बघत राहायचे.

पण ओठ वाचताना पंचाईत व्हायची. ल म्हणा की ळ म्हणा, ओठ तेच करतात. जीभ आत काय करते ते बाहेर दिसत नाही. तेव्हा आईनं एक रीत काढली. धाकटीशी बोलताना तिचा तळहात आपल्या हातात घ्यायची. ल आला की अंगठा नुसता टेकवायचा. ळ आला की अंगठा दाबून धरायचा. तोंडानं वाक्य आणि अंगठ्यानं ळ. भाजी चिरताना विळी बाजूला सारून, वेणी घालताना आरशासमोर बसवून, बसस्टॉपवर उभं राहून, सगळीकडे हेच चालायचं. वर्षानुवर्षं चाललं. ज्या पोरीनं ळ कधी ऐकला नाही तिचा ळ पक्का झाला, आणि दोन धड कान असलेली मी ‘शाला, शाला’ करत फिरत राहिले.

पुढे मोबाइल आले. तुम्हाला ते खेळणं होतं, धाकटीला ते दार होतं. त्याआधी ती घराबाहेर असली की नसल्यासारखीच. निरोप द्यायचा तर माणूस पाठवायचा. आता खिशात बोलणं आलं. पण फोन आले ते हिंदीचे. क, ख, ग सगळं होतं, ळ नव्हता. आम्हाला कुणाला काही फरक पडला नाही. आम्ही ल लिहायचो आणि मनात ळ वाचायचो. आमच्या कानात तो आधीच बसलेला होता ना!

एकदा रायसेन रोडवर माझी स्कूटर घसरली. मागून ट्रक येत होता, तो अगदी हातभरावरून गेला. लोकांनी उठवलं, चहावाल्यानं पाणी दिलं. मी धाकटीला मेसेज केला. आईच्या तोंडची म्हण होती, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. फोनमध्ये ळ नाही, तर गेलं ते असं: ‘काल आला होता पण वेल आली नव्हती.’

धाकटीचं उत्तर आलं, ‘कोण आला होता काल? आणि वेल कुठली, मधुमालती?’

मी तिथं रस्त्यात, फुटलेल्या गुडघ्यानिशी, पोट धरून हसले. चहावाल्याला वाटलं, बाईच्या डोक्याला मार लागला. घरी येऊन तिला सगळं सांगितलं, पुन्हा हसले. ती नाही हसली. तिनं माझा गुडघा पुसला, पट्टी बांधली, आणि मग कागदावर लिहून माझ्यासमोर धरलं, ‘तू मेली असतीस आणि मला वेल कळली असती.’

धाकटी तेव्हा एम. पी. नगरातल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत हिंदी मजकूर तपासायचं काम करायची. ती कंपनी बटणांच्या फोनसाठी देवनागरी लिहिण्याचा प्रोग्रॅम बनवत होती. दुसऱ्या दिवशी ही जाऊन तिथल्या इंजिनियरसमोर उभी राहिली. कागदावर मोठा ळ काढला आणि खाली हिंदीत लिहिलं, हा पाहिजे. तो हसला. त्यानं लिहिलं, हिंदीत हा नसतोच दीदी, कोणाला लागणार? आणि बटणावर जागा कुठं आहे?

हिनं सरळ त्याचा हात ओढला. तळहातावर अंगठा टेकवला आणि कागदावरच्या ल कडे बोट केलं. मग अंगठा दाबून धरला, चांगला कचकचून धरला, आणि ळ कडे बोट केलं. पुन्हा टेकवला. पुन्हा दाबला. बिचारा घाबरला असेल, कारण आमची धाकटी हाताला दणकट आहे. पण त्याच्या डोक्यात उजेड पडला. नवं बटण नको, जुन्याच बटणात दुसरं अक्षर बसतं, फक्त दाबून धरायचं. ल दाबून धरला की ळ. मग त्यांनाच चटक लागली. ड दाबून धरला की टिंबवाला ड़, ज दाबून धरला की टिंबवाला ज़. प्रत्येक अक्षराची भावंडं त्याच्याच बटणाखाली नेऊन बसवली.

तो प्रोग्रॅम फुकट वाटला गेला. मोबाइलच्या दुकानांतून या फोनमधून त्या फोनमध्ये गेला. इंदूर, ग्वाल्हेर, नागपूर, कुठं कुठं पोचला. उघडला की आधी बनवणाऱ्यांची नावं यायची. इंजिनियरचं नाव, मालकाचं नाव, मालकाच्या मेव्हण्याचंसुद्धा नाव. धाकटीचं नाही. तिनं ते पाहिलं, फोन बंद केला आणि कणीक मळायला घेतली. त्या दिवशीच्या पोळ्या चिवट झाल्या. पुढे कंपनी बुडाली, इंजिनियर पुण्याला गेला, धाकटी दुसऱ्या नोकरीला लागली. आई गेली. माझे मिस्टर गेल्यावर आम्ही दोघी आनंदनगरला एकत्र राहू लागलो. बोट दाबून धरायची युक्ती जगभर पसरली आणि आम्ही ती विसरूनही गेलो.

आणि मग वकील आले.

भोपाळचेच होते. नागपूरकडचं घराणं, वडिलांच्या काळी सरकारी कचेरीबरोबर इकडं आलेलं. पन्नाशीच्या आतले, सभ्य, दारात चपला नीट जोडून काढणारे. दोन कंपन्यांपैकी जिच्यावर खटला भरला होता, तिच्या दिल्लीच्या वकिलांनी त्यांना आमच्याकडे पाठवलं होतं. पुण्याच्या इंजिनियरनं आमचा पत्ता दिला होता. युक्ती पेटंटच्या आधीची आहे हे दाखवायचं होतं, आणि ती जिला सुचली तिचं प्रतिज्ञापत्र हवं होतं.

‘मोठ्या ताई,’ ते मला म्हणाले, ‘छोट्या ताईंना सांगा, घाबरायचं काही कारण नाही. आम्ही सगलं मराठीत करून आणू. फक्त वेल कमी आहे.’

धाकटीनं त्यांच्या ओठांवरून किती घेतलं कोण जाणे. मी सगळं लिहून दाखवलं. तिनं दोनदा वाचलं. मग मला खुणेनं विचारलं, ‘माझं नाव येणार?’ मी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, ‘येणार म्हणजे काय! पहिल्या ओलीतच येणार. कोर्टाच्या रेकॉर्डवर.’

त्या बाईचा चेहरा काय सांगू तुम्हाला. लग्न ठरलं होतं आणि मोडलं, तेव्हा ती रडली नव्हती. आई गेली तेव्हा माझ्यासमोर नव्हती रडली. त्या दिवशी वकिलांना चहा देताना कप बशीत वाजत होता आणि तिला ते कळतही नव्हतं. मी मनात म्हटलं, चला, देर आए दुरुस्त आए.

आठवड्यानं ते कागद घेऊन आले. छान जाड कागद, मराठीत टाइप केलेला. आधी मी वाचला. सगळं ठीक वाटलं. तिच्याकडे दिला. ती वाचायला लागली आणि पहिल्या परिच्छेदातच थांबली. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग लाल पेन घेतलं आणि गोल करायला लागली. एक गोल, दोन गोल, कागदभर गोल. वकील माझ्याकडे बघायला लागले. मी कागद तिच्या हातून घेतला आणि तेव्हा कुठं मला दिसलं. त्यात लिहिलं होतं:

‘मी सत्यप्रतिज्ञेवर सांगते की, त्या काली फोनवर ल हे अक्षर नव्हते. मी असे सुचविले की ल ची कल दाबून धरली असता ल उमटावा. ल आणि ल यांतील फरक सर्व मराठी लोकांना ठाऊक असल्यामुले ही कल्पना कोणालाही सहज सुचण्यासारखी आहे.’

अगं बाई! ळ च्या खटल्याचा कागद आणि अख्ख्या कागदात एक ळ नाही. कोर्टाच्या बाहेर बसणाऱ्या टायपिस्टनं हिंदीच्या सवयीनं ठोकून दिला होता. वकिलांनी वाचला होता, त्यांना दिसलं नव्हतं. मी वाचला होता, मला दिसलं नव्हतं. आम्ही दोघंही ल वाचत होतो आणि ळ ऐकत होतो. मला इतकं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. वकीलही कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले आणि हसायला लागले. ‘माफ करा ताई, आपण भोपाली लोक, काय करनार! उद्या दुरुस्त करून आणतो.’

पण धाकटीचं पेन शेवटच्या ओळीत अडकलं होतं. तिथं तिनं गोल केला नव्हता, ‘सहज’ या शब्दाखाली रेघ मारली होती. दोनदा. कागद थोडा फाटला होता.

तिनं फोन घेतला, भराभर लिहिलं आणि थेट वकिलांच्या हातात दिला. माझ्या नाही.

‘सहज असतं तर या कागदात आलं असतं. तुम्हाला ळ नाही हे दिसलंच नाही, कारण तुम्हाला ऐकू येतं. ऐकणाऱ्याला ळ लिहिला नाही तरी चालतो. मला चालत नाही. माझ्याकडे जेवढं लिहिलंय तेवढंच असतं. मला लागत होता म्हणून सुचला. तुम्हाला लागत नव्हता, म्हणून कोणालाच सुचला नाही.’

वकिलांनी वाचलं, मग पुन्हा वाचलं. मग ते मला समजावायला लागले, मी म्हटलं, तिला लिहून द्या. तेव्हा त्यांनी सगळं लिहून दिलं, हे मात्र त्यांचं कौतुक. कायदा असा होता म्हणे की, त्या धंद्यातल्या कोणालाही सहज सुचेल अशा गोष्टीला पेटंट मिळत नाही. आमचा प्रोग्रॅम बटणांचा होता आणि पेटंट काचेवरच्या अक्षरांचं. समोरची कंपनी म्हणणार, बटण वेगळं, काच वेगळी. ते मधलं अंतर भरायला ‘सहज’ हा शब्द हवाच होता. बाकी सगळं धाकटीच्या मनासारखं बदलता येईल, तेवढं एक सोडून.

‘अंतर तुमच्या बटणाचं आणि काचेचं,’ मी म्हटलं, ‘आणि भरणीला आमची पोर?’

‘मोठ्या ताई, एक शब्द आहे हो. नुसता कायद्याचा शब्द. त्याचा अर्थ तसा नसतो.’

दुसऱ्या दिवशी कागद आला. या वेळी ळ सगळे जागच्या जागी, एकही चुकलेला नाही. शेवटी ‘सहज’ तसाच. वकील जाताना दारात थांबले आणि मला म्हणाले, ‘खरं सांगू का? छोट्या ताईंचं नाव कुठं यायची ही एकच जागा आहे. सही नाही केली तर केस पुढे जाईल, इंजिनियरसाहेबांच्या कागदावर जाईल. त्यांनी सही केली आहे. पण मग ताईंचं नाव कुठंच येणार नाही. विचार करायला सांगा.’

इंजिनियरनं सही केली होती! ज्यानं ‘कोणाला लागणार’ म्हणून विचारलं होतं, ज्याचा हात धरून हिनं त्याला शिकवलं होतं, त्यानं लिहून दिलं होतं की हे कोणालाही सहज सुचलं असतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्याचा मला फोनही आला. ‘दीदी, फॉर्मेलिटी है, करवा दीजिए ना।’ मी म्हटलं, ‘तुला सहज सुचलं होतं का रे?’ तर म्हणतो, इतनी पुरानी बात किसे याद है.

आता माझं सांगते. मी तिच्या बाजूनं नव्हते. म्हणजे होते, पण मला वाटत होतं की तिनं सही करावी. आयुष्यभर या बाईचं नाव कशावर आलं नाही. शाळेच्या फळ्यावर नाही, प्रोग्रॅमवर नाही, लग्नपत्रिकेवर येता येता राहिलं. आता कोर्टाच्या कागदावर येतंय, तर एका शब्दासाठी का लाथ मारायची? मी तिला लिहिलं, ‘कर सही. नाव तर येईल. सहज म्हटल्यानं काय झिजतंय?’

ती माझ्यावर भडकली. धाकटी भडकली की तिच्या खुणा मोठ्या होतात, भिंतींना हात लागतात. मग तिनं लिहिलं, आणि ते मला अजून तोंडपाठ आहे. ‘आई किती वर्षं माझा हात धरून बसायची? तू बाहेर खेळत होतीस. मी बघत होते तिच्या अंगठ्याला घट्टे पडलेले. ते सहज होतं असं मी लिहून देऊ? माझ्या नावानं? नाव नको मला मग.’

मी ओशाळले. खरं म्हणजे रागही आला, कारण ती बरोबर होती आणि मी मोठी. मी भांडी आपटत बसले, तिला ऐकू जात नाही हे माहीत असून.

मग पेटंटवाल्या कंपनीच्या वकिलांनाही वास लागला. आम्ही सही करत नाही म्हटल्यावर त्यांचा माणूस गोड गोड बोलत फोनवर आला. म्हणे, हमें तो बड़ी खुशी है, हम भी यही कहते हैं कि यह आसान नहीं था. मी खूश होऊन धाकटीला सांगितलं. पुढचं ऐकल्यावर माझी खुशी पळाली. त्यांना हवं होतं की धाकटीनं लिहून द्यावं, ही आमची घरगुती खूण होती, बाहेर कोणाला माहीत नव्हती, त्या प्रोग्रॅमचा तिच्याशी संबंध नाही. म्हणजे आधीचे म्हणतात, कोणालाही सुचलं असतं, आणि हे म्हणतात, कोणाला सुचलंच नाही, आम्हालाच सुचलं. आयत्या बिळावर नागोबा, आणि तेही दोन दोन! मी धाकटीला एवढंच लिहिलं, ‘तू म्हणशील ते.’

तिनं दोघांनाही एकच उत्तर दिलं. आधी कागदावर उतरवलं, मला एक चूक दाखवायला सांगितली, चूक नव्हती. त्यात लिहिलं: ‘ळ माझ्या आईनं माझ्या हातावर दाबला. मी तो फोनवर नेला. बाहेरच्यांना दिला, उघड दिला, सगळ्यांनी वापरला. ते सहज नव्हतं. एवढं लिहायचं असेल तर सही करते. यातलं काही काढायचं असेल तर करत नाही.’ दोघांकडूनही उत्तर आलं की हे उपयोगाचं नाही. खरी गोष्ट दोघांच्याही उपयोगाची नव्हती, यात सगळं आलं.

भोपाळच्या वकिलांना मात्र वाईट वाटलं असावं. ‘एकदा पुन्हा विचार करा,’ असं सांगायला ते पुन्हा येऊन गेले. धाकटीनं त्यांना पोहे दिले, लिंबू पिळून दिलं, आणि मान हलवली. नाही म्हणजे नाही. ते गेल्यावर ती बराच वेळ खिडकीशी उभी होती. मी जाऊन शेजारी उभी राहिले. तिला नाव हवं होतं हो. खूप हवं होतं. आम्ही दोघी समोरच्या घरातल्या वाळत घातलेल्या चादरी बघत उभ्या राहिलो.

नंतर बरेच महिने काही कळलं नाही. मग एका दुपारी वकील आले, या वेळी पिशवी नव्हती, कागद नव्हते. बसले, पाणी प्यायले. म्हणाले, ‘ताई, केस मिटली. दोन्ही कंपन्यांनी आपसांत समझोता केला. आता दोघीही ती युक्ती वापरणार, एकमेकींवर दावा नाही.’

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ‘म्हणजे वाटून घेतली?’ मी म्हटलं. ‘दोघींनी आपसांत? जिची होती तिला न विचारता? अहो, चोरसुद्धा वाटणी करताना मालक झोपलाय का ते बघतात!’

वकिलांनी माझ्याकडे नाही, धाकटीकडे तोंड केलं, आणि खिशातून फोन काढून सावकाश लिहायला लागले. ल वर अंगठा दाबून धरून ळ काढताना मी त्यांना पाहिलं. त्यांनी लिहिलं, ‘ताई, सगळं मिटलं. पण मला तुम्हाला सांगायलाच हवं. कुठल्याच कागदावर तुमचं नाव नाही.’

धाकटीनं वाचलं. वकील मान खाली घालून बसले होते. तिनं त्यांच्याच फोनवर खाली लिहिलं, ‘आणि माझ्या नावावर सहज आहे का, कुठं?’

ते म्हणाले, ‘नाही ताई.’ मग आठवण होऊन त्यांनी तेच लिहिलं. ‘नाही. तुम्ही सहीच केली नाहीत.’

धाकटी परक्या माणसासमोर आवाज काढत नाही. तो जाडाभरडा आहे, लोक दचकतात, म्हणून लहानपणीच तिनं तो घरापुरता ठेवला. त्या दिवशी तिनं वकिलांच्या तोंडाकडे बघून काढला, चांगला मोठ्यानं, शेजारच्या अंगणात ऐकू जाईल इतका.

‘मग झालं!’